निळ्या बुचाची बाटली

अर्ज टेबलावर होता, चहा कपात होता आणि मामा बोलत होते. तिघेही आपापल्या जागी राहिले असते तर पुढचं महाभारत घडलं नसतं. पण मामांना बोलायला तोंडाइतकेच हातही लागत.

"शुद्ध रसायनशास्त्र," मामा म्हणाले. "नावातच आलं सगळं. शुद्ध म्हणजे ज्यात दुसरं काही मिसळलेलं नाही. नोकरीसुद्धा नाही."

"मामा, तुमच्या कारखान्यात रंग कोण बनवतं?" भाचीने बूट घालता घालता विचारलं.

"ते मला काय माहीत? मी विकतो."

शाळा नुकतीच संपलेली ही मुलगी आज कॉलेजच्या प्रवेशाचा अर्ज भरून मोकळी झाली होती. अर्जात पाच चौकोन होते: शुद्ध रसायनशास्त्र, उपयोजित रसायनशास्त्र, जीवरसायनशास्त्र, रासायनिक अभियांत्रिकी आणि फार्मसी. प्रत्येकात पसंतीचा आकडा घालायचा. तिने शाईच्या पेनाने ओळीने एक ते पाच आकडे घातले होते. शुद्ध पहिलं, फार्मसी शेवटची.

"हे उपयोजित म्हणजे काय गं?" आईने विचारलं.

"शिकलेलं कुठे वापरायचं ते शिकवतात."

"आणि शुद्धमध्ये?"

"मुळात ते तसं का होतं, ते."

"का होतं ते कळून पोट भरत नाही," तिचे वडील वर्तमानपत्राआडून म्हणाले. गेले पंधरा दिवस ते हे एकच वाक्य वेगवेगळ्या वेळी म्हणत होते. मुलगी ऐकून घ्यायची आणि काही बोलायची नाही, त्यामुळे वडिलांना आपण जिंकतोय की हरतोय हेच समजत नव्हतं.

"बाबा, मी शाळेतून दाखला घेऊन परस्पर कॉलेजात येते. अर्ज तेवढा तुम्ही द्या. पाचच्या आत. आणि जपून न्या, खाली छापलंय बघा, खाडाखोड असलेला अर्ज बाद." एवढं सांगून ती गेली.

ती जिना उतरली असेल नसेल, तोच मामांनी रासायनिक अभियांत्रिकीची थोरवी सांगायला उजवा हात उंच नेला आणि खाली आणताना कप गाठला. चहा थेट अर्जावर सांडला. अर्जाच्या खालच्या भागात 'ही शाखा का निवडली' असा एक मोठा चौकोन होता, त्यावर हाताच्या पंजाएवढा डाग पडला. अक्षरं मात्र डागाखालून नीट दिसत होती.

"अहो, पुसा आणि असाच द्या," आई म्हणाली. "चहाच तर आहे."

"असाच?" वडिलांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "माझ्या मुलीच्या अर्जावर डाग? उद्या गावात तोंड कुठे दाखवू?"

त्यांचा प्रश्न रास्त होता. त्यांचं ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं आणि अख्खी पेठ त्यांना डागमास्तर म्हणून ओळखत होती. त्यांच्या हातून न सुटणारा डाग अजून कापडावर पडायचा होता. दुकानाच्या फळीवर तीन बाटल्या असत, एक पांढऱ्या बुचाची, एक लाल आणि एक निळी. कोणत्या डागाला कोणती बाटली, किती थेंब आणि किती वेळ, हे त्यांच्या गुरूने त्यांना शिकवलं होतं. बाटल्यांत काय आहे हे गुरूलाही माहीत नव्हतं. घाऊक दुकानात जाऊन "निळी भरा" म्हटलं की भरून मिळायची.

चौथी एक लहान कुपी होती, कपड्यांवर नंबर घालायच्या शाईची. लिहिताना ती फिकट दिसायची आणि वरून इस्त्री फिरवली की काळीभोर व्हायची. मग कापड फाटेल, पण नंबर जाणार नाही. दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं होतं, 'आमची खूण मिटत नाही.' डागमास्तरांनी स्वतःच्या बनियनवरसुद्धा शून्य नंबर घालून ठेवला होता, गिऱ्हाइकांच्या कपड्यांत मिसळू नये म्हणून.

आणि धंद्याचा एक नियम होता. खिशात सापडलेला कागद वाचायचा नाही. प्रेमपत्र असो की डॉक्टरची चिठ्ठी, घडी घालून पाकिटात ठेवायची. या नियमावर त्यांनी सत्तावीस वर्षं अब्रूने काढली होती.

त्यामुळे दुकानात आल्यावर अर्ज इस्त्रीच्या टेबलावर पसरताना त्यांनी डाग बघितला, डागाखालचा मजकूर बघितला नाही. पांढऱ्या बुचाचे चार थेंब टाकले. चहा दोन मिनिटांत नाहीसा झाला. मास्तरांनी समाधानाने मान हलवली. आयुष्यभर त्यांनी कापड हाताळलं होतं, कागद कधी नाही. चहा गेला, पण ओल्या कागदावर शाई पसरली आणि चहाच्या जागी निळा डाग उमटला.

"शाईच ना," ते स्वतःशीच म्हणाले आणि निळ्या बुचाची बाटली उचलली.

निळी बाटली आपल्या नावाला जागली. निळा डाग निघाला, त्याच्याबरोबर चौकोनातला सगळा मजकूर निघाला. टेबल किंचित उतरतं होतं आणि अर्जाचा माथा उताराला होता, म्हणून तो ओघळ वर छापलेल्या पाच चौकोनांपर्यंत गेला आणि एक ते पाच आकडे घेऊन पलीकडे उतरला. छापील अक्षरं, शाळेने टाइप केलेलं तिचं नाव आणि शाळेचा शिक्का तेवढे शाबूत राहिले. एवढा स्वच्छ अर्ज छापखान्यातूनही बाहेर पडला नसेल.

तेवढ्यात मामा आले. आपल्या हातून चहा सांडला याचं त्यांना वाईट वाटलं होतं.

"दाजी, डाग निघाला का?"

"निघाला. मजकूर पण निघाला."

मामांनी अर्ज हातात घेतला आणि उलटसुलट केला. "मग तिला फोन करा. काय आकडे होते विचारा."

"आकडे मला माहीत आहेत."

"मग प्रश्न काय आहे?"

डागमास्तर कोऱ्या चौकोनांकडे बघत राहिले. प्रश्न काय आहे ते मामांना अर्ध्या मिनिटाने कळलं आणि त्यांचे दोन्ही हात, कधी नव्हे ते, खाली राहिले.

"दाजी," ते हळूच म्हणाले, "अशी संधी पुन्हा येणार नाही. अभियांत्रिकी. एक नंबर. मी काही बघितलं नाही."

मास्तरांनी दुकानभर टांगलेल्या कपड्यांकडे पाहिलं. माणसाचा धंदा कसा आहे हे त्यांना त्याच्या कपड्यांवरून समजे, आणि रसायनशास्त्र शिकलेली माणसं त्यांच्याकडे भरपूर यायची. हा रासायनिक कारखान्यातल्या इंजिनियरचा शर्ट. कोपरापर्यंत ग्रीस आणि वासाने डोळ्यांत पाणी. मामांची संधी तिथेच बाद झाली. ही पाणी तपासणाऱ्या बाईंची पँट, तिला प्रत्येक नदीचा वेगळा चिखल. रंगाच्या प्रयोगशाळेतल्या माणसाची कॉलर दर आठवड्याला नव्या रंगाची. साबणाच्या कारखान्यातल्या वासतज्ज्ञाचे कपडे इतके सुगंधी, की धुवायला जिवावर यायचं, पण त्याला म्हणे घरी भाजी करपलेली कळत नाही. एक जण गुन्ह्यांच्या तपासात कपड्यांवरचे डाग तपासायचा. तो धंद्यातलाच माणूस, पण त्याला डाग ठेवायचे असतात आणि आपल्याला काढायचे, म्हणून मास्तरांचं त्याच्याशी कधी जमलं नाही.

आणि हा कॉलेजातल्या विभागप्रमुख बाईंचा पांढरा कोट. शुद्ध रसायनशास्त्र ते हेच. कोट कसला, चाळणी होती. बाहीवर भोकं, पोटावर भोकं, खिशाला तपकिरी झळ. वीस वर्षं तोच कोट. बाईंना दुसरा घेणं परवडत नसणार, असं मास्तरांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं आणि रफू करून देताना त्यांना दर वेळी गलबलून यायचं.

त्याच्या शेजारी कोपऱ्यावरच्या फार्मासिस्टचा कोट होता. ना भोक, ना वास, ना झळ. खिशाला बॉलपेनाची एक बारीक रेघ, बस. आठवड्यातून एक इस्त्री.

आपल्या मुलीच्या अंगावर कोणता कोट असावा, याचा विचार कोणत्याही बापाने केला असता तसा त्यांनी केला. त्यांचे स्वतःचे हात सत्तावीस वर्षं त्या बाटल्यांमुळे खरखरीत झाले होते. त्यांनी नंबराच्या शाईची कुपी उघडली.

"पेन घ्या की साधं," मामा म्हणाले.

"साधं पेन ती खोडेल. हे खोडता येणार नाही."

फार्मसीला एक, शुद्ध रसायनशास्त्राला पाच. मधले कुठलेही. वरून इस्त्री फिरवली आणि आकडे काळेभोर उमटले. बापाने कधी कधी वाईटपणा घ्यायचा असतो, असं मास्तरांनी स्वतःला बजावलं. 'का निवडली' हा चौकोन कोरा ठेवला. त्यात काय लिहावं ते त्यांना सुचेना.

वाटेत काही सांडलंच तर असाव्यात म्हणून तिन्ही बाटल्या पिशवीत टाकून चारच्या सुमाराला ते कॉलेजात पोचले. विभागप्रमुख बाईंचा कोट द्यायचाच होता, म्हणून आधी त्यांच्या प्रयोगशाळेत गेले. बाई एका उंच स्टुलावर बसून अर्जच तपासत होत्या.

"या, डागमास्तर. अर्ज आणलात का मुलीचा? द्या, बघूनच टाकते. मग खिडकीवर द्या."

बाईंनी अर्ज घेतला. मग चष्मा वर केला. मग अर्ज नाकाजवळ नेला.

"याला तुमच्या दुकानाचा वास का येतोय?"

"माझ्या हाताचा असेल, मॅडम."

"हं." बाई उठल्या आणि कोपऱ्यातल्या एका पेटीपाशी गेल्या. आत जांभळा दिवा होता. "एवढा मोठा चौकोन मुलीने कोरा ठेवला असेल असं वाटत नाही. डोळ्यांना दिसत नाही ते या दिव्याखाली दिसतं. ही माझी हौस आहे, राग मानू नका."

जांभळ्या उजेडात कोऱ्या चौकोनात अंधूक ओळी दिसू लागल्या. बाईंनी त्या मोठ्याने वाचल्या. मास्तरांना वाटलं, आपला नियम मोडतोय, कान झाकून घ्यावेत. पण हात वर गेले नाहीत.

"'माझ्या बाबांच्या दुकानात तीन बाटल्या आहेत. पांढऱ्या, लाल आणि निळ्या बुचाच्या. कोणता डाग कशाने निघतो हे बाबांएवढं कोणालाच माहीत नाही. पण तो का निघतो हे त्यांनाही माहीत नाही. लहानपणी मी विचारायचे, तेव्हा ते म्हणायचे, तू शिक आणि मला सांग. म्हणून ही शाखा.'" बाईंनी नजर वरच्या आकड्यांकडे नेली. "आणि वर फार्मसी एक नंबर. यातलं काहीतरी एक तिचं नाही."

डागमास्तरांना जवळचं स्टूल ओढून घ्यावं लागलं. तू शिक आणि मला सांग, हे आपण म्हणायचो हे त्यांना आठवत होतं. तेव्हा फक्त पोरीला गप्प करायचं होतं. ती गप्प बसली, पण विसरली नाही.

"मॅडम," ते म्हणाले, "मला वाटलं, तुमच्यासारखी वेळ तिच्यावर येऊ नये."

"माझ्यासारखी?"

"हा कोट. वीस वर्षं..."

बाईंनी कोट हातात घेतला आणि हसायला लागल्या. "घरी चार नवे आहेत. हा मी सोडत नाही. हे भोक माझ्या पहिल्या प्रयोगाचं. ही झळ एका विद्यार्थ्याने दिली, तो आता माझा बॉस आहे. हे दोन तुम्ही गेल्या वर्षी रफू केलेत, तेव्हा मला इतकं वाईट वाटलं, पण तुम्ही एवढ्या मायेने केलं होतं की काही बोलले नाही."

"आणि आमच्या कोपऱ्यावरचा फार्मासिस्ट? त्याचा कोट बघा किती स्वच्छ."

"तो? तो माझाच विद्यार्थी. दर शनिवारी इथे येतो, म्हणतो, बाई, काहीतरी सांडू द्या. त्याचंही काम चांगलं आहे हो, पण ज्याला आवडेल त्याला."

मास्तर उठून उभे राहिले. "नवा अर्ज द्या, मॅडम. मी चूक केली."

"शाळेचा शिक्का कुठून आणणार? पाऊण तास उरलाय, शाळा दुसऱ्या टोकाला. आणि आकडे खोडले तर अर्ज बाद."

"मग हे आकडे काढतो." सवयीने ते म्हणाले आणि मग आपण काय म्हणालो हे त्यांना कळलं. ही खूण मिटत नाही, हे पाटीवर त्यांनीच लिहून घेतलं होतं. तरी पिशवीतून तिन्ही बाटल्या काढल्या. पांढरी चालली नाही. लालने कागद लाल झाला आणि पुन्हा पांढरा झाला. निळीने तर आकडे अधिकच खुलले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"मॅडम, तुम्हाला माहीत असेल याचं औषध."

"आहे ना माहीत. पण प्रवेश मला नकोय." बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "जिला हवाय तिला बोलवा."

फोन करायची गरज पडली नाही. दाखला घेऊन मुलगी दारातच उभी होती. तिने अर्ज पाहिला, आकडे पाहिले, बाटल्या पाहिल्या आणि शेवटी वडिलांकडे पाहिलं.

"चहा सांडला," मास्तर म्हणाले.

"चहाने फार्मसी एक नंबर झाली?"

"नाही. ते मी केलं." सत्तावीस वर्षांत त्यांनी कोणत्याही गिऱ्हाइकासमोर एवढी मान खाली घातली नव्हती. "आणि नंबराच्या शाईने केलं. ते आता निघत नाही."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिने खांद्याला पुसलं. मग बाईंना म्हणाली, "मॅडम, आयोडीन आहे का? आणि फोटो धुवायचं हायपो?"

बाईंनी दोन्ही बाटल्या काढून ठेवल्याच होत्या.

मुलीने काडीला कापूस गुंडाळला, आयोडीनमध्ये बुडवला आणि पहिल्या आकड्यावर फिरवला. त्याबरोबर कागद निळाकाळा पडला. दुसरा, तिसरा, पाचही चौकोन काळे ठिक्कर झाले. आकडे कुठले आणि कागद कुठला, काही कळेना.

"अगं, हे काय केलंस?" मास्तरांचा आवाज चिरकला. "आगीतून फुफाट्यात."

"बाबा, कागदात खळ असते, कपड्याला लावतो तशी. खळीला आयोडीन लागलं की ती अशी होते. त्याच्याकडे नका बघू. तुमच्या शाईत चांदी असते. इस्त्रीच्या उष्णतेने ती कागदातच काळी होऊन बसते, म्हणून निघत नाही. आयोडीन तिला पकडतं आणि हायपो दोघांनाही विरघळवून नेतं. आता बघा."

तिने दुसरी काडी हायपोत बुडवून फिरवली. काळा रंग कडेकडेने फिका झाला, मग पिवळसर झाला, मग गेला. त्याच्याबरोबर आकडाही गेला. पाच काड्या लागल्या. चौकोन पुन्हा कोरे झाले आणि डागमास्तर तोंड उघडं टाकून बघत राहिले. गिऱ्हाइकं आपल्याकडे अशी का बघतात ते त्यांना पहिल्यांदा समजलं.

"हे तुला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. वाचलं आणि करून बघितलं. दोन वर्षांपूर्वी."

"कशावर?"

मुलगी जरा घुटमळली. "तुमच्या बनियनवर."

मास्तरांना आठवलं. दोन वर्षांपूर्वी बनियनवरचं शून्य एकाएकी दिसेनासं झालं होतं. बायकोने नवा आणला असेल असं समजून त्यांनी त्यावर पुन्हा शून्य घातलं होतं.

"मॅडम, हा अर्ज चालेल?" त्यांनी विचारलं.

"खाडाखोड चालत नाही असा नियम आहे," बाई म्हणाल्या. "डाग काढू नये असा नाही. मात्र पुढच्या वर्षी असा नियम करावा लागेल, तुमच्यामुळे. लिही गं तू."

मुलीने आकडे घातले, ओळीने, एक ते पाच. खालच्या चौकोनात पुन्हा मजकूर लिहिला. मास्तर नियमाप्रमाणे तोंड फिरवून उभे राहिले. शेवटी तिने एक ओळ आधीपेक्षा जास्त लिहिली एवढं त्यांना पेनाच्या आवाजावरून कळलं. "झालं," ती म्हणाली आणि मग म्हणाली, "वाचा की, बाबा. तुमच्याबद्दलच आहे." त्यांनी वाचलं. शेवटी लिहिलं होतं, 'आज एका डागाचं कारण सांगून झालं आहे. तीन बाटल्या बाकी आहेत.'

पाचला पाच कमी असताना दोघं खिडकीवर पोचले. आतल्या कारकुनाने अर्ज घेतला, वरून खालपर्यंत पाहिला आणि मान डोलावली. "इतका स्वच्छ अर्ज आज पहिलाच," तो म्हणाला. मग शिक्का शोधायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून त्याने हातातला चहाचा कप, दुसरीकडे कुठे जागा नव्हती, अर्जावर ठेवला.

कप उचलला तेव्हा 'ही शाखा का निवडली' याच्या बरोबर मधोमध तपकिरी गोल उमटला होता.

डागमास्तरांचा हात आपोआप पिशवीत गेला. पांढऱ्या बुचाची बाटली हाताला लागली. चार थेंब, दोन मिनिटं. त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती त्यांच्या मनगटावर हात ठेवून उभी राहिली.

"चालेल का हो असा?" कारकुनाने ओशाळून विचारलं. "डाग पडला थोडा."

मास्तरांनी बाटली पिशवीत सोडून दिली.

"चालेल," ते म्हणाले. "चहाच तर आहे. असाच राहू द्या."

आणि कारकुनाने शिक्का मारून अर्ज आत ठेवेपर्यंत ते दोन्ही हात खिशात घालून उभे राहिले.